बिननाण्याचा फोन

१

तीन महिन्यांचं लेकरू पाळण्यात, दुधाची बाटली उशाशी, आणि आईचा घरात पत्ता नाही. सक्करदऱ्याच्या मोहित्यांकडे ही गोष्ट एका सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला लक्षात आली. पोलीस ठाण्यात ती पोहोचली बरोबर चौदा दिवसांनी, आणि तीही मोहित्यांच्या तोंडून नाही.

ती घेऊन आला कवडू भोयर, हरवलेल्या भूमिकेचा बाप. भिवापूरहून पहाटेची एसटी धरून आला होता. हातात लाल मिरच्यांनी फुगलेली कापडी पिशवी होती. लेकीच्या सासरी द्यायला आणलेली आणि त्यांनी दारातूनच परत केलेली. पिशवी कुठं ठेवावी ते त्याला सुचेना, म्हणून सगळी हकीगत सांगून होईपर्यंत ती त्याच्या मांडीवरच राहिली.

उपनिरीक्षक मिनल ठवरेला बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. सात महिन्यांची लेक आईजवळ ठेवून ती रोज ठाण्यात यायची आणि अर्धं चित्त घरीच विसरून यायची. दोन हजार दहा सालचा तो मार्च होता, उन्हानं आत्ताच डोळे वटारले होते. तिनं कवडूला पाणी दिलं आणि ऐकत राहिली.

दोन आठवड्यांपासून लेकीचा मोबाईल बंद होता. घरच्या फोनवर लावलं की कधी ती न्हायला गेलेली असायची, कधी नुकती झोपलेली. शेवटी काल जावयानं खरं सांगून टाकलं. भूमिका चिठ्ठी लिहून गेली होती. ‘मला शोधू नका. ऋषीला जपा.’ एवढंच. मोबाईलही घरातच ठेवून गेली होती. तेव्हापासून रोज दुपारी घरी एक मुका फोन येतो. उचलला तर कोणी बोलत नाही. तो तिच्या यारीतल्या माणसाचा, असं मोहित्यांचं म्हणणं.

“पोरगी पळून गेली म्हंतात, बाई,” कवडू म्हणाला. “मले तसं वाटून नाही राहिलं. पण मी बाप होय. बापाले कधी वाटते का?”

मिनलनं तक्रार लिहून घेतली. सही करताना त्याचा हात थांबला. त्यानं हळूच विचारलं, ती जिवंत तर असेल ना. मिनलनं मोहित्यांचा पत्ता लिहून घेतला.

२

मंगळवारी दुपारी बाराला ती मोहित्यांच्या घरी गेली. समोरची खोली ऐसपैस होती. भिंतीला लागून स्टुलावर फोन, आणि दोन हातांवर कडीला टांगलेला पाळणा. पाळण्यात ऋषिकेश स्वतःची मूठ चोखत पडला होता.

सासरे मधुकरराव कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कानाला यंत्र, आणि बोलणं सगळं फायलीतलं. सदर बाब घरातल्या घरात ठेवण्याचा निर्णय त्यांनी घेतला होता, कारण सदर बाबीनं घराण्याची अब्रू गेली असती. साडेबाराला जेवण, मग यंत्र काढून तीनपर्यंत झोप, फोन-बिन आपण कधी उचलत नाही, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

सासूबाई यमुताईंनी मात्र मनातलं काही शिल्लक ठेवलं नाही. खेड्यातली पोर, दिसायला बरी, बारावी झालेली, म्हणून आणली. तिनं असे पांग फेडले. जायच्या आधी चार दिवस तर लेकराला जवळही घेत नव्हती. तोंडाला सदा पदर बांधलेला. दूध आटलं म्हणाली, पोराला बाटलीवर टाकलं. “आटलं म्हणे,” यमुताई म्हणाल्या, “आणि रोज चार-चार ब्लाउज भिजवून दोरीवर. नखरे नुसते. मन दुसरीकडे लागलं की असंच होतं.”

मिनलची पेन्सिल तिथं क्षणभर थांबली. तिनं विचारलं, जाताना काय काय नेलं?

हाच तर वेडेपणा, यमुताई म्हणाल्या. दागिन्यांचा डबा जसाच्या तसा. नेलं काय, तर रोजच्या जेवणाचं ताट, पाणी प्यायचा पेला, चमचा आणि अंगावरची गोधडी.

नवरा सुमंत एका विमा कंपनीत होता. आज मुद्दाम घरी थांबला होता. दाढी वाढलेली, आवाजात झोप नाही. तो भिंतीकडे बघून बोलत होता. मुका फोन त्यानं एका रविवारी स्वतः उचलला होता, शिव्या घातल्या होत्या, पलीकडून हूं नाही की चूं नाही. फोनच्या डब्यावर नंबर उमटतो. तोच नंबर रोज. उलट लावला तर नुसती घंटी वाजत राहते.

उरली थोरली सून गार्गी. तिचा नवरा मार्तंड नोकरीनं चंद्रपूरला, महिन्यातून दोनदा येणारा. लग्नाला बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात ऋषिकेशचं सगळं आता तीच बघत होती. मिनलशी बोलतानाही ती स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होती आणि पाण्याला किती वेळ आधण आलं ते मनात मोजत होती. भूमिकेविषयी वाईट बोलायला ती तयार नव्हती. वय लहान आहे, चुकली असेल, एवढंच. मुक्या फोनचं विचारल्यावर म्हणाली, “मी उचलला तर आवाज नाही म्हटल्याबरोबर ठेवून देते. असल्या लोकांच्या कशाला नादी लागायचं?”

तेवढ्यात समोरच्या खोलीत फोन वाजला. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मिनल दारात आली तोवर यमुताईंनी रिसीव्हर उचलला होता. दोनदा हॅलो म्हणाल्या, मग दाणकन आदळला. त्या आवाजानं ऋषिकेश दचकला आणि टाहो फोडून रडू लागला. सगळे पाळण्याकडे धावले. मिनल फोनच्या डब्यावरचा नंबर उतरवून घेत होती.

३

नंबर कुणाचा ते कळायला बुधवार उजाडला. तो कुणाच्या नावाचा नव्हताच. जरीपटक्याच्या बाजारात एका बांगड्यांच्या दुकानाबाहेर लाल डबा टांगलेला होता, रुपया टाकून बोलायचा, त्याचा तो नंबर होता. सुमंतची कचेरी त्या दुकानापासून शंभर पावलांवर होती.

ठाण्यातल्या जमादारांनी लगेच डोकं चालवलं. नवऱ्यानंच बायकोचं काही बरंवाईट केलं, आणि आता रोज दुपारी कचेरीतून बाहेर पडून स्वतःच्याच घरी मुका फोन लावतो, म्हणजे यार असल्याचा देखावा उभा राहतो. मिनललाही क्षणभर ते पटलं, आणि तिची नजर दाराबाहेर गेली. कवडू बाहेर व्हरांड्यातच बसून होता. दोन दिवस तो नागपुरातच होता, कुठं झोपत होता कोण जाणे.

पण नंबराबरोबर आलेल्या फोनांच्या यादीत दोन्ही रविवारी एक दहालाच फोन आल्याची नोंद होती. त्यातल्या एका रविवारी तर सुमंतनंच उचलून शिव्या घातल्या होत्या आणि यमुताई बाजूलाच होत्या. जो माणूस घरात फोन उचलतो तो त्याच वेळी जरीपटक्यात उभा राहून फोन लावू शकत नाही. सुमंत सुटला.

मग फोन करणारा कोण? यार असता तर ती त्याच्याजवळच असायला हवी. जी आपल्याजवळ आहे तिच्यासाठी तिच्या सासरी रोज फोन कोण लावेल?

मिनल बाहेर आली आणि कवडूजवळ बाकावर बसली. रुपयाच्या डब्यावरून मुका फोन येतो म्हटल्यावर तो एकदम ताठ झाला.

“मुका नसन तो, बाई,” तो म्हणाला. “बिनपैशाचा असन.”

मग त्यानं सांगितलं ते असं. भूमिका अकरावी-बारावीला नागपुरात हॉस्टेलात होती. तेव्हा ती रोज संध्याकाळी अशाच डब्यावरून घरी फोन लावायची. त्या डब्याची एक खोड होती. समोरच्यानं उचलल्यावर रुपया टाकला तरच आपला आवाज तिकडे जातो. नाही टाकला, तर तिकडचं आपल्याला ऐकू येतं, आपलं तिकडे जात नाही. आणि पंधरा-सोळा सेकंदांनी मशीन आपोआप लाइन तोडतं.

“आमचं ठरलंच होतं,” कवडू म्हणाला. “ती रुपया टाके नाही. मी उचलो, अन् सारी खबर भराभर सांगून टाको. गाय व्याली, नळ आले, तू जेव बरोबर. ती निरी ऐके. तिले बापाचा आवाज भेटे, मले समजे का पोरगी ठीक हाय. दोन वर्सं असंच चाललं.”

मिनलनं विचारलं, या दोन आठवड्यांत तुमच्याकडे आला का असा फोन?

“एकही नाही.” त्यानं तोंड फिरवलं. “बापाचा आवाज नसन पाहिजे तिले आता.”

मिनल त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे तो स्टुलावरचा फोन आला आणि दोन हातांवरचा पाळणा. बापाचा आवाज नको होता असं नाही. तिला दुसराच आवाज हवा होता.

“बाबाजी,” ती म्हणाली, “भूमिका जिवंत आहे.”

४

जिवंत आहे, लेकरासाठी तळमळते आहे, दागिन्यांना हात न लावता गेली आहे. मग परत का येत नाही?

संध्याकाळी मिनल घरी आली, वर्दी उतरवली आणि लेकीला मांडीवर घेतलं. पाजता पाजता ती विचार करत होती. सात महिन्यांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती: दूध आटलं की ब्लाउज भिजत नाहीत. भूमिकेचे दिवसाला चार भिजत होते. म्हणजे दूध धो धो येत होतं आणि तरी ती लेकराला पाजत नव्हती. तोंडाला पदर बांधून फिरत होती. आणि जाताना काय नेलं, तर आपलं ताट, आपला पेला, आपली गोधडी, ज्याला ज्याला तिचं तोंड लागलं होतं ते सगळं. जिला पळून जायचं असतं ती घरातली उष्टी भांडी कशाला नेते? ती तेव्हाच नेते, जेव्हा त्या भांड्यांना दुसऱ्या कोणी हात लावू नये असं तिला वाटतं.

लेकीच्या तोंडातून धार सुटून गालावर ओघळली. मिनलनं ती पुसली आणि तशीच उठून कवडूच्या मोबाईलवर फोन लावला. विचारायला जीभ रेटेना, पण विचारलं: तिची आई कशानं गेली?

टीबीनं, तो म्हणाला. भूमिका तेव्हा सात वर्षांची होती. आणि आईमागं पंधरा दिवसांत अंगावरचं पोरगंही गेलं. भूमिकेच्या मांडीवरच गेलं ते.

दवाखाना बंद व्हायच्या आत मिनल मोहित्यांच्या डॉक्टरांकडे पोहोचली. होय, धाकट्या सूनबाईला महिनाभर खोकला होता, थोडा ताप होता. थोरल्या जाऊबाई घेऊन आल्या होत्या. आईचा आजार कळल्यामुळं डॉक्टरांनी बेडका तपासायला पाठवला, छातीचा फोटो काढला. दोन्ही स्वच्छ निघाले. साधा खोकला. त्यांनी लगेच घरी फोन करून तसं कळवलं होतं.

कुणी उचलला होता?

बाईमाणसानं. सांगते म्हणाली. सासू असेल नाहीतर जाऊ. डॉक्टरांनी खांदे उडवले. रोज पन्नास घरी फोन करावे लागतात, आवाज कुठले लक्षात राहायला?

म्हणजे निरोप घरापर्यंत आला होता, आणि घरात उलटा झाला होता. तुला काही झालेलं नाही, असं सांगायच्या ऐवजी कुणीतरी त्या मुलीला सांगितलं होतं की तुझ्या श्वासानं तुझं लेकरू मरेल. आणि तिनं ते लगेच खरं मानलं, कारण असं मेलेलं एक लेकरू तिच्या मांडीवर होऊन गेलं होतं.

यमुताई की गार्गी?

सून नकोशी झालेली यमुताईंना. ‘नखरे’ म्हणताना त्यांच्या ओठांची झालेली ती वाकडी रेघ मिनलला आठवत होती. तिनं पुन्हा ती फोनची यादी काढली. चौदा दिवसांचे चौदा फोन. वेळ सगळ्यांची एकच, पण प्रत्येकासमोर तो किती सेकंद चालला तेही लिहिलेलं होतं, आणि सकाळी त्याकडे तिनं पाहिलं नव्हतं. तीन. चार. सोळा. तीन. पुन्हा सोळा.

सोळा सेकंदांचे फोन चार होते. दोन गुरुवारी, दोन शनिवारी. बाकी सगळे पाचच्या आत संपलेले, म्हणजे घरच्या माणसानं वैतागून आदळलेले. या चारांत मात्र घरच्या कोणी रिसीव्हर ठेवलाच नव्हता. मशीननं आपोआप तोडेपर्यंत तो उचललेला राहिला होता.

मिनलनं सुमंतला फोन लावला आणि इकडचं तिकडचं बोलून एकच गोष्ट काढून घेतली. आई दुपारची घराबाहेर कधी असते?

गुरुवारी गजानन महाराजांच्या मठात, सुमंत म्हणाला, आणि शनिवारी महालात मावशीकडे.

५

गुरुवारी दुपारी एक वाजता मिनल जरीपटक्यात त्या बांगड्यांच्या दुकानाबाहेर उभी होती. अंगावर साधी सुती साडी, खांद्याला भाजीची पिशवी. रस्त्यावर गाड्यांची कोंडी, टपऱ्यांवर कढईतल्या तेलाचा वास. लाल डबा खांबाला टांगलेला, रिसीव्हरची दोरी ठिकठिकाणी चिकटपट्टीनं गुंडाळलेली. दुकानाच्या म्हाताऱ्या सिंधी मालकाला तिनं हळू आवाजात ओळख सांगितली. त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

“रोज आती है, बेटा,” तो म्हणाला. “रुपया कभी नहीं डालती. पहले सोचा टोकूं. फिर देखा तो सुनते सुनते रोती थी. टोकके क्या करता?”

घड्याळात एक पाच झाले. मिनलनं रिसीव्हर उचलला आणि मोहित्यांचा नंबर फिरवला. पाच मिनिटं लवकर असली तरी मोहित्यांच्या फोनच्या डब्यावर तोच नंबर उमटणार होता. पिशवीतला रुपया तिनं पिशवीतच राहू दिला.

घंटी दोनदा वाजली आणि फोन उचलला गेला. पलीकडून कोणी हॅलो म्हणालं नाही.

आधी पावलं ऐकू आली. मग पाळण्याची कडी कुरकुरली. मग अगदी जवळून, हळू, एखाद्या झोपलेल्या घरात बोलावं तसा गार्गीचा आवाज आला.

“ऐक. आज पालथा पडला. पहिल्यांदाच. मान वर करून बघत होता सगळीकडे.”

आणि त्यापाठोपाठ ऋषिकेशचा, ओला, घशातल्या घशात घोळवलेला हुंकार. एकदा, दोनदा. तोंड रिसीव्हरला लागलं असावं, इतका जवळ.

मिनलच्या छातीत एकाएकी कळ भरून आली. लेकरू दुसऱ्याचं, आवाज तारेतून आलेला, तरी तिचं दूध सुटलं होतं आणि साडीखाली ब्लाउज ओला होत होता. तिला वाटलं, हे सोळा सेकंद ऐकून कोणती बाई इथून उठून चार मैल धावत गेली नसती? जी गेली नाही तिला किती घाबरवलं असेल?

लाइन तुटली. तिनं रिसीव्हर जागेवर ठेवला आणि पिशवी सावरली.

मागं कुणीतरी आपली पाळी येण्याची वाट बघत उभं होतं. ओढणीनं नाकातोंडावर घट्ट घडी मारलेली. वर फक्त डोळे, आणि ते डोळे घड्याळावर.

“झालं का तुमचं, ताई?” तिनं विचारलं, आणि विचारताना दोन पावलं मागं सरकली.

६

हातभर अंतर ठेवूनच भूमिका बोलली. मिनल जवळ गेली की ती मागं सरायची. जरीपटक्यातच एका खोलीत ती राहत होती, मनकर्णाबाई नावाच्या म्हातारीकडे. ही म्हातारी पूर्वी गार्गीच्या माहेरी स्वयंपाकाला होती. गार्गीनंच सोय लावून दिली होती. परत जाईपर्यंत दूध आटू नये म्हणून भूमिका ते रोज पिळून टाकत होती. तुला टीबी आहे, डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं, असं गार्गी म्हणाली होती. घरात कळलं तर तुला कायमची माहेरी धाडतील, लेकराचं तोंड दिसू देणार नाहीत. सहा महिने गोळ्या घे, बरी हो, गुपचूप ये. तोवर त्याला मी बघते. फोन लाव, पण रुपया टाकू नकोस. आवाज ऐकला तर इतरांना कळेल. मी असले तर तुला ऐकवीन.

गोळ्या एका पुडीत होत्या. मिनलनं बघितल्या. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात रोज घ्यायला लागलेल्या लोहाच्या गोळ्या.

मिनल तिला तशीच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासणीचा कागद समोर ठेवला तेव्हा भूमिकेनं तो तीनदा वाचला. नाव आपलंच आहे ना, तारीख तीच आहे ना, बघितलं. मग डॉक्टरांना विचारलं, पुन्हा एकदा तपासता का. डॉक्टरांनी तिच्या समोर बसून, घाई न करता, तिचा श्वास पुन्हा ऐकला. बऱ्याच वेळानं तिनं ओढणीची गाठ सोडली. सतरा दिवसांत बाहेरचा वारा तोंडाला पहिल्यांदाच लागत होता.

“मले काहून सांगतलं तिनं असं?” ती म्हणाली.

मिनलनं तिला गाडीत बसवलं. कवडू आधीच मागच्या सीटवर बसला होता. त्यानं लेकीचा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

मोहित्यांकडे चारचा चहा चालू होता. यमुताई नुकत्याच मठातून आल्या होत्या, सुमंतला मिनलनं कचेरीतून बोलावून घेतलं होतं. बाहेर गाडीत भूमिकेला थांबवून मिनल एकटी आत गेली आणि उभ्यानंच बोलली. आवाज चढवला नाही. भिजलेले ब्लाउज, नेलेलं ताट, डॉक्टरांचा निरोप, चार गुरुवार-शनिवारचे सोळा सोळा सेकंद, सगळं तिनं एकामागून एक मांडलं.

“तुम्ही सांगितलंत, उचलला की ठेवून देते,” ती गार्गीला म्हणाली. “घरात दुसरं कोणी फोनशी नसायचं तेव्हाच फोन सोळा सेकंद चालायचा. पलीकडचं माणूस कोण आहे, आणि त्याला ऐकू येतं आहे, हे ज्याला माहीत आहे तोच मुका फोन असा धरून ठेवेल. आज एक पाचला फोन आला होता ना? पालथा पडला म्हणून सांगितलंत. तो फोन मी केला होता.”

मधुकरराव कानाचं यंत्र चाचपत राहिले. यमुताई थोरल्या सुनेकडे बघत होत्या, आणि बारा वर्षांत तिला नीट बघितलंच नव्हतं अशा बघत होत्या. सुमंत उठून उभा राहिला. मिनलनं त्याला हातानंच थांबवलं.

गार्गीच्या खांद्यावर ऋषिकेश होता. ती नाकारणार, रडणार, असं मिनलला वाटलं होतं. तिनं यातलं काही केलं नाही.

“डॉक्टरांचा फोन आला,” ती म्हणाली, “तेव्हा भूमिका आत अंथरुणावर होती आणि हा माझ्याजवळ झोपला होता. रिपोर्ट चांगला आहे म्हणाले. मी ठेवला आणि आत गेले. तिनं विचारलं, काय म्हणाले. माझ्या तोंडून ते निघून गेलं. एकदा निघाल्यावर मग...” ती थांबली. “मला वाटलं, दोन दिवस. मग दोन दिवस झाले.”

मिनलनं विचारलं, सहा महिन्यांनंतर काय करणार होता?

“एक दिवस फोन यायचा बंद होईल, असं वाटायचं.”

“मग ऐकवत का होतात?”

गार्गीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. “आधी म्हटलं, ऐकायला मिळालं तर ती येणार नाही.” तिनं लेकराची मान सावरली. “नंतर गुरुवार आला की मीच एक दहाची वाट बघायला लागले. आज काय सांगायचं ते सकाळपासून ठरवून ठेवायची. या घरात त्याचं कौतुक दुसरं ऐकतं कोण?”

दारात सावली पडली. भूमिका गाडीत थांबली नव्हती. तिनं आत येऊन कोणाकडेच पाहिलं नाही. सरळ गार्गीसमोर आली आणि दोन्ही हात पुढे केले. गार्गीनं लेकरू दिलं. ऋषिकेशनं नव्या हातांत एक क्षण विचार केला, तोंड वाकडं केलं आणि मोठ्यानं रडायला लागला, गार्गीकडे मान वळवून. भूमिकेचा चेहरा पांढरा पडला. तिनं त्याला थोपटलं, हलवलं, तो आणखी रडला.

“डाव्या खांद्यावर नको,” गार्गी पुटपुटली. “उजव्या. तिकडून त्याला खिडकी दिसते.”

भूमिकेनं खांदा बदलला. रडणं एकदम थांबलं नाही, पण त्यातला जोर ओसरला, आणि मग हुंदक्याहुंदक्यानं तो तिच्या मानेत तोंड खुपसून काहीतरी शोधू लागला. ती तिथंच खाली बसली आणि ओढणीआड त्याला घेतलं. कवडू दाराबाहेर तोंड करून उभा राहिला.

ऋषिकेश गटगट पिऊ लागला.

मिनलनं वही काढली. तक्रार द्यावी लागेल, ती म्हणाली, आणि गार्गीला ठाण्यात यावं लागेल. सुमंत म्हणाला, आत्ता लिहा. यमुताई अब्रूचं काही बोलू लागल्या आणि मधेच गप्प झाल्या.

“लिहा, मॅडम,” भूमिका म्हणाली. तिनं मान वर केली नाही. “मी सही करतो. मी माफ नाही करून राहिली तिले. पण थोडं थांबा.”

“कशासाठी?”

“सतरा दिवसाचं सगळं तिलेच ठाऊक हाय. तो कवा हसला, कवा पडला, कायले भेला. मले सोळा सेकंदच भेटले.” मग पहिल्यांदा तिनं गार्गीकडे पाहिलं. “सांगा, वहिनी. काही ठेवू नका.”

मिनलनं पेन्सिल खाली ठेवली. गार्गी भिंतीला टेकून जमिनीवर बसली, भूमिकेपासून थोडी लांब. तिनं दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं आणि त्या पहिल्या सोमवारपासून सांगायला सुरुवात केली.